दहा फुटी फ्लेक्सवरची विहीर

लोहगडाच्या पायथ्याच्या एका वाडीत माझी सासुरवाडी आहे. तिथल्या सार्वजनिक विहिरीनं मला एकदा असा मान मिळवून दिला, की लग्नात घोड्यावर बसूनही तेवढा मिळाला नव्हता.

शनिवार-रविवारी आसपासचे बंगले पाहुण्यांनी भरत आणि त्यांच्यासाठी वाडीतल्याच एकाचा टँकर या विहिरीला पाइप लावी. सोमवारी बायकांच्या कळशीत गाळ. टँकरवाला म्हणे, "पाणी उन्हानं आटतंय. माझ्या दोन फेऱ्यांनी काय होतंय?" शेवटी ग्रामसभा ठरली, रविवारी सकाळी. टँकर चालू राहणार की बंद, याचा निकाल तिथं लागणार होता.

पुरावा माझ्याकडे होता! तळेगावच्या एका कारखान्यात मी मोजमापाची यंत्रं सांभाळतो. दोन वर्षांपूर्वी विहिरीत एक सेन्सर सोडून ठेवला होता. दर दहा मिनिटांनी तो पाण्याची पातळी टिपे. लाखभर आकडे जमले होते. त्यांचा आलेख दहा फुटी फ्लेक्सवर छापून ग्रामसभेत झळकवायचा, असा माझा बेत. माझे चुलतसासरे, म्हणजे वाडीचे आबा, शनिवारी दुपारी माझ्यासोबत सोमाटण्याच्या फ्लेक्सच्या दुकानात आले. आबांचा स्वतःचा सेन्सर म्हणजे गाठी मारलेला दोर. तो ते रोज सकाळ-संध्याकाळ विहिरीत सोडत.

मी आलेखाचं चित्र आधीच मोबाईलवरून दुकानात पाठवलं होतं, सगळा मावळ वाढदिवसाचे फोटो पाठवतो तसं. दुकानाच्या मालकीणबाईंनी ते दहा फुटांना ताणलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"काका, हे विहिरीचं आहे म्हणालात ना? मला तर ओट्यावर सांडलेला चहा दिसतोय."

चूक माझीच होती. असलं चित्र म्हणजे बिटमॅप, रंगीत चौकोनांची गोधडी. मोबाईलनं पाठवताना ती आणखी दाबली, आम्ही ताणली, आणि अक्षरांचे डाग झाले. पण मी कसला शरमतोय! मी खिशातून पेन ड्राइव्ह काढला, जादूगार टोपीतून ससा काढतो तसा.

"ताई, ही व्हेक्टर फाईल. हिच्यात चित्र नसतंच. इथून तिथं रेघ ओढ, इथं ठिपका दे, अशा नुसत्या आज्ञा. डोंगराएवढी करा, धार जाणार नाही!"

ताईंनी फाईल उघडली. म्हणजे, उघडायला घेतली. पडद्यावर गोल चक्र फिरू लागलं. चहा आला, पिऊन झाला, चक्र फिरतंच होतं. बाहेर दोन वाढदिवसवाले खोळंबले.

"काका, डोंगराएवढी करायला आधी उघडली तर पाहिजे!"

"व्हय जावईबापू," आबा स्टुलावरून म्हणाले, "ह्यापरीस माजा दोर बरा. लगेच तळाला जातो."

एकाएकी माझ्या डोक्यात उजेड पडला. बिटमॅपला आत आकडे किती याच्याशी देणंघेणं नसतं, चित्र केवढं एवढंच तिला कळतं. व्हेक्टरला चित्र केवढं याची फिकीर नसते, पण आज्ञा किती ते तिला भोवतं. मी तिला लाख ठिपक्यांच्या लाख आज्ञा दिल्या होत्या.

"मग मोठा फोटोच काढा ना," ताई म्हणाल्या. लॅपटॉपवर तसा मोठा बिटमॅप काढला. चुटकीसरशी उघडला, अक्षरंही बरी आली. पण लाख ठिपके एकमेकांवर चढून निळा पट्टा झाला. टँकर त्यात कुठं शोधायचा? आणि दिवसाची सरासरी काढावी, तर शनिवारचे खड्डे निम्मेअधिक बुजत होते.

आबांना ते मुळीच पटेना. "यवढं मोजून दावायचं कुणाला? मी दिसाला दोनच गाठी बगतो. पानी लय वर कुटं हुतं आन् लय खाली कुटं गेलं. मधल्या पान्याचं काय लोणचं घालायचंय?"

मी आबांना तिथंच दुकानात वाकून नमस्कार केला. लॅपटॉप पुन्हा उघडला. एका दिवसाला एकच उभी रेघ, त्या दिवसाच्या सर्वांत वरच्या पातळीपासून सर्वांत खालच्या पातळीपर्यंत. शनिवार-रविवार लाल, बाकी निळ्या. लाख ठिपक्यांच्या सातशे तीस रेघा झाल्या. फाईल नव्यानं दिली आणि ताईंनी बटण दाबताक्षणी आलेख पडद्यावर हजर! दहा फुटांना केला, तरी खालच्या बारीक तारखा सुईनं कोरल्यासारख्या.

रविवारी देवळासमोर फ्लेक्स ताणला. निळ्या रेघा आखूड आणि दर आठवड्याला लाल दोन लांबलचक; रेघ जेवढी लांब, तेवढं पाणी त्या दिवशी उपसलेलं.

"कागदावर काय बी काढता येतंय!" टँकरवाला ओरडला. "ही बघा मधीच एक निळी लांब रेघ. त्या दिवशी माझा टँकर कुटं हुता?"

मी फ्लेक्सकडे वळून पाहिलं. मला त्या रेघेचं काहीच ठाऊक नव्हतं. एवढ्यात एक म्हातारी मावशी उठली, फ्लेक्सला नाक लावून तारीख वाचू लागली आणि हसत सुटली.

"आगं बया, ही तर माज्या नातीची हळद! पाचशे पान उठलं, समदं पानी आमीच उपसलं."

"बगा!" आबा गरजले. "आमची बी चोरी दावतंय, म्हंजी यंत्र कुनाचं बी मिंधं न्हाई."

मग काय विचारता! जो तो तारखा शोधू लागला, कुणाला आपल्या पाहुण्यांचा दिवस सापडला, कुणाला गोधड्या धुतल्याचा. लाल रेघा मात्र कुणाच्याच घरच्या निघेनात. हात वर करायची वेळ आली, तेव्हा टँकरवाल्याच्या सख्ख्या आईचा हात सगळ्यांत आधी वर गेला. टँकर बंद!

पुढच्या शनिवारी संध्याकाळी मी सेन्सरचे आकडे घेतले आणि त्या दिवसाची लाल रेघ काढली. नखाएवढी आली.