खंडेनवमीला सापडत गेलेली जर्मन मोटार

आमच्या अब्बांनी मोटार खाल्ली, अशी गावाची समजूत होती. माणसं पैसे खातात, जमिनी खातात, फार तर शपथ खातात. पण आमच्या अब्बांनी अख्खी जर्मन मोटार खाल्ली आणि ढेकरसुद्धा दिला नाही, असं पाटील पारावर बसून सांगायचे आणि ऐकणारे पोट धरून हसायचे. मी त्या वेळी नळदुर्गला हमरस्त्यावर ट्रक दुरुस्त करायचो. सोलापूरहून हैदराबादला निघालेला कुठलाही ट्रक माझ्यासमोर नुसता खोकला तरी त्याचं दुखणं मला कळायचं. मला त्याचा गर्व होता, आणि का नसावा? पण बेंबळीजवळच्या आमच्या गावी गेलो की पारावरून जाताना माझी मान आपोआप खाली जायची. त्या मानेचा मला भारी संताप यायचा.

हकिकत अशी. निजामाच्या अमलात आमच्या भागातल्या एका जागीरदारांनी महायुद्धाच्या आधी एक जर्मन मोटार आणवली होती. एका रांगेत आठ सिलिंडर, बैल आडवा उभा राहील एवढं बॉनेट, आणि आवाज इतका मऊ की ती दारात येऊन उभी राहिली तरी आतल्यांना कळायचं नाही. अब्बा तिचे ड्रायव्हर. पोलीस ॲक्शन झाली, जागीरदार घाईघाईनं हैदराबादला गेले आणि जाताना अब्बांना एवढंच म्हणाले, "गाडी तुझ्या हवाली." ते दिवस वाईट होते. आमच्या घरानंही ते भोगले, आणि त्याबद्दल मला इथं जास्त लिहायचं नाही. पुढं जागीरदार वारले. त्यांच्या मुलांनी कळवलं की ते भंगार तुम्हालाच ठेवा.

दिवस निवळले तेव्हा मोटारीचा सांगाडा आमच्या परड्यात कडब्याखाली निघाला. इंजिन नाही, चाकं नाहीत, दिवे नाहीत. लोकांनी विचारलं, सामान कुठं गेलं? अब्बा म्हणाले, "हाय." कुठं आहे? "हाय जिथं हाय तिथं." झालं! सांगाडा ठेवला आणि जीव विकून खाल्ला, असा निकाल पारावर लागला. त्यानंतर अब्बांच्या हातात कुणी स्टिअरिंग दिलं नाही. जिनिंगवाल्यांकडं ट्रक आले, गावोगाव मोटारी सुरू झाल्या, ड्रायव्हर शोधून सापडत नव्हते. पण मोटार खाल्लेल्या माणसाला मोटार कोण देणार? जिल्ह्यातला सगळ्यात चांगला ड्रायव्हर लोकांच्या शेळ्या राखत फिरला.

मीही एकदा विचारून पाहिलं. घरात आमची बोली दखनी, पण अब्बा चिडले की मराठीवर येत. "तू बी त्यातलाच व्हय?" एवढंच म्हणाले आणि पुढं कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

महाराष्ट्र झाला त्या सुमाराची गोष्ट. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या एका व्यापाऱ्याचा ट्रक बंद पडला म्हणून मी तिकडं गेलो. काम अर्ध्यावर आलं आणि नेमकी खंडेनवमी आडवी आली. त्या दिवशी हत्यारं पुजायची, चालवायची नाहीत. व्यापाऱ्यानं माझा पानासुद्धा हातातून काढून घेतला, धुतला आणि हळदकुंकू लावून पाटावर ठेवला. आम्ही मुसलमान, पण हे आम्हाला नवीन नव्हतं. माझ्या गॅरेजातल्या पान्यांची पूजा शेजारचा सुतार दरवर्षी येऊन करून जायचा आणि ईदला आमच्याकडचा शिरखुर्मा ओरपायचा. तेव्हा मी पुरणपोळी खाल्ली आणि बाजारात हिंडायला निघालो. दारोदार लोखंड बाहेर आलेलं होतं. नांगराचे फाळ, विळे, तराजू, शिवणयंत्रं, सगळं धुऊनपुसून, तेल लावून, झेंडूची फुलं वाहून मांडलेलं.

पिठाच्या गिरणीपाशी मी थबकलो. गिरणीच्या इंजिनाशेजारी आणखी एक इंजिन होतं, काळं आणि लांबच लांब. त्यावर प्लगची भोकं एका रांगेत होती आणि प्रत्येक भोकात कुणीतरी हौसेनं एकेक झेंडू खोचला होता. आठ झेंडू. मी ते पुन्हा मोजले.

"काका, हे इंजिन कुठलं?" मी गिरणीवाल्याला विचारलं.

"ठेव हाय एकाची," म्हातारा म्हणाला. "लई वर्सं झाली, न्यायला येईनाच झालाय. एकदा चालवून बघितलं म्या, खोटं कशाला बोलू? पर फुस्स बी करंना."

"ठेवणारा ड्रायव्हर होता का?"

त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तू त्याचा कोण?"

मी त्यांचा मुलगा, असं सांगितलं तेव्हा कुठं म्हातारा बोलला आणि मला सगळं कळलं. त्या वाईट दिवसांत अब्बांनी मोटार स्वतःच्या हातानं खोलली होती. अख्खी मोटार दिसली तर लोक पेटवून देतील, तुकडे दिसले तर लोखंड म्हणून सोडून देतील, असा त्यांचा हिशेब. एकेक तुकडा बैलगाडीत ज्वारीच्या पोत्यांखाली घालून त्यांनी ओळखीच्या माणसांकडं पोचवला आणि प्रत्येकाला भाकरीवर हात ठेवायला लावून वचन घेतलं, की ठेव कुणाची ते कुणाला सांगायचं नाही, अगदी घरच्यांनाही नाही. हे अब्बांनीच त्याला तेव्हा सांगितलं होतं, पण बाकीचे तुकडे कुणाकडं आहेत ते गिरणीवाल्याला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी इंजिन मागून घेतलं आणि तसाच गावी आलो. वाटलं, अब्बा मला मिठी मारतील. ते उलट भडकले.

"तू मागितलंस त्याला?"

"मग काय करणार होतो?"

"अरं, ठेव मागायची नसती! मागणं म्हंजे त्याच्या इमानावर शंका घेणं. ज्याची त्यानं आपणहून आणून द्यावी."

मी कपाळावर हात मारला. ठेव सांभाळणारे म्हणत होते, मालक मागेल तेव्हा देऊ. मालक म्हणत होता, ते आणतील तेव्हा घेऊ. सगळे जण आपापल्या इमानाला जपत बसले होते आणि करमणूक पाटलांची चालली होती. मी तडक पारावर गेलो आणि इंजिन सापडल्याचं ठणकावून सांगितलं. पाटलांनी तपकिरीची चिमूट ओढली.

"एक इंजिन म्हंजे मोटार नव्हं, मिस्त्री. चालवून दाखव, मग बोल."

"चालवून दाखवीन!" मी म्हणालो. आणि पुढची काही वर्षं त्या एका वाक्यापायी गेली.

युक्ती सोपी होती. वर्षभर ज्याचं लोखंड कोपऱ्यात, माळ्यावर, कडब्यात दडलेलं असतं, तोही खंडेनवमीला ते अंगणात काढतो. म्हणून दर खंडेनवमीला मी मोटारसायकल घेऊन गावं पालथी घालायचो. काही दिसलं तर त्या दिवशी गप्प बसायचं. दुसऱ्या दिवशी दसरा. त्या घरी आपट्याची पानं घेऊन जायचं, "सोनं घ्या, आमच्या अब्बांनी सलाम सांगितलाय" म्हणायचं आणि त्या वस्तूकडं मन लावून बघत बसायचं. मागितलं असं कोण म्हणेल? चहा संपायच्या आत घरचा म्हातारा उठायचा आणि ती वस्तू माझ्या पुढ्यात आणून ठेवायचा. एक तर रडलाच. म्हणाला, "ड्रायव्हर जिता हाय व्हय? आमास्नी वाटलं, गेला."

चाकं तुळजापूरच्या वाटेवर एका बैलगाडीला होती. त्या शेतकऱ्यानं ती मुकाट्यानं उतरवून दिली, आणि मी त्याला जुन्या ट्रकची चाकं बसवून दिली. रेडिएटर एका कानडी बोलणाऱ्या तेल्याकडं निघाला. आमचं दोघांचं एक अक्षर एकमेकांना कळलं नाही, पण रेडिएटर मिळाला आणि वर शेंगदाण्याची चटणी मिळाली. एका दिव्यात कोंबडी अंडी घालत होती. ती उठेपर्यंत मला थांबावं लागलं.

नळदुर्गच्या गॅरेजात मी ते सगळं जुळवत गेलो. गंजून अडकलेले पिस्टन रॉकेलात आणि एरंडेलात भिजवून ठेवले आणि रोज लाकडी ठोकळ्यानं हलके टोले देत सोडवले. बेअरिंग स्वतः ओतून घेतले. तांब्याचे गॅस्केट कासारानं पत्रा ठोकून करून दिले, बैठकांचं चामडं खोगीर शिवणाऱ्यानं शिवलं. ट्रकवाले चहाला थांबायचे ते मोटार बघत उभे राहायचे आणि चहा गार व्हायचा. खरं सांगतो, इतकं देखणं काम माझ्या हातून पुन्हा झालं नाही.

शेवटी एकच गोष्ट राहिली, मॅग्नेटो. प्लगला ठिणगी तोच पुरवतो. तो नसेल तर आठ सिलिंडर म्हणजे आठ रिकामे डबे. सोलापूर झालं, मुंबईला विचारून झालं. तसा मॅग्नेटो कुठं मिळेना. अब्बांना विचारलं की ते म्हणत, "हाय. सगळ्यांत इमानदार माणसाकडं ठेवलाय." त्यापुढं चकार शब्द नाही. मी रडकुंडीला आलो. एकदा वैतागून मोटार तशीच ट्रकला बांधून गावी आणली आणि परड्यात उभी केली. पाटील येऊन बघून गेले. म्हणाले, "नवरी लई नटवली, पर चालती कुठं?"

त्या वर्षी खंडेनवमीला मी कुठंच गेलो नाही. जिल्हा पालथा घालून झाला होता. आमच्या गावात अशी रीत होती, की त्या दिवशी पाटलांच्या घरी तलवार आणि बंदूक पुजली जायची आणि सगळा गाव दर्शनाला जायचा. अब्बा ती बदनामी झाल्यापासून गेले नव्हते, आणि मी त्यांच्यासाठी म्हणून कधी पायरी चढलो नव्हतो. त्या दिवशी आईनं बळेच पाठवलं. "गावात राहतो आपण, गावाशी किती दिवस रुसणार?"

गेलो आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. पाटलांनी तलवारीला तेल लावलं, बंदुकीला लावलं. मग पाटावरचं लाल फडकं सोडलं आणि आतल्या वस्तूवरून तेलाचा हात फिरवायला लागले. नालाच्या आकाराचं लोहचुंबक, त्यापुढं काळी टोपी, आणि तारा जोडायला टोपीवर पितळेची आठ टोकं.

मी ओरडलो की किंचाळलो, आठवत नाही. "पाटील, ते काय आहे?"

"वडलांचं काय तरी हाय," पाटील म्हणाले. "कुणाचं ते सांगितलं न्हाय. मरताना म्हणले, जपून ठेव, दर खंडेनवमीला तेलाचा हात फिरव, मालक आला की दे."

"तो मालक तुमच्या गावात शेळ्या राखतोय!" मी म्हणालो. "ज्या मोटारीपायी तुम्ही माझ्या बापाला चोर केलंत, तिचा जीव तुम्ही दरवर्षी पुजताय, पाटील! तुमच्या वडलांनी भाकरीवर हात ठेवला होता. म्हणून ते तुम्हालासुद्धा बोलले नाहीत."

सगळा गाव ऐकत होता. पाटलांचा तेलाचा हात तसाच हवेत राहिला. मग तो फडक्याला पुसत ते म्हणाले, "पुजलेलं आज उचलता येत न्हाय. उद्या."

मला वाटलं, टोलवताहेत. पण दसऱ्याला सकाळीच ते आमच्या दारात उभे होते. पायात वहाण नाही, डोक्यावर फेटा, आणि दोन्ही हातांत तो पाट, मॅग्नेटोसकट. अब्बा बाहेर आले. पाटील म्हणाले, "तुमची ठेव. उशीर झाला. आणि म्या लई वंगाळ बोललो."

अब्बांनी मॅग्नेटो उचलून उजेडात धरला. "तुमचे वडील लई इमानदार. बगा, गंजाचा एक ठिपका न्हाय," म्हणाले आणि सदऱ्याच्या टोकानं तो पुन्हा पुसला.

दुपारपर्यंत मी मॅग्नेटो बसवला आणि ठिणगीची वेळ जुळवली. हँडल मारलं. मोटारीनं असा काही बार काढला की परड्यातल्या कोंबड्या छपरावर गेल्या. पुन्हा जुळवलं, पुन्हा हँडल. आणि ती सुरू झाली. आधी अडखळत, मग सलग, मग तशीच मऊ. बाहेर सोनं लुटायला शिवेवर निघालेला सगळा गाव आमच्या दारात जमला होता. बाप्ये टोप्या उडवत होते. मी गाडीभोवती नाचलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मी स्टिअरिंगकडं निघालो. एवढ्यात पाटलांनी पुढं होऊन मागचं दार उघडलं, जागीरदार बसायचे ते. "बसा," ते अब्बांना म्हणाले. "आज तुमी मागं बसायचं."

अब्बांनी मान हलवली. "न्हाय, पाटील. म्या ड्रायव्हर हाय." आणि पुढचं दार उघडून ते आपल्या जागेवर बसले.

पाटील गर्दीकडं वळले आणि पारावरच्या त्याच खणखणीत आवाजात ओरडले, "बाजूला व्हा रं, ड्रायव्हरसाहेबांना वाट द्या!"

गर्दी दुभंगली. अब्बांनी असा अलगद गिअर टाकला की मला तो कळलासुद्धा नाही. पाटलांनी उघडलेल्या दारानं मी मागच्या बैठकीवर बसलो होतो आणि लहान पोरासारखा हुंदके देत होतो. अब्बांनी आरशातून माझ्याकडं बघितलं.

"रडतुयास कशाला?" ते म्हणाले. "दार नीट लाव."