रंग लागलेलं तोंड

तैवानमधल्या तैनानच्या देवळात, मिरवणुकीत देवदूत होणाऱ्या पोरांची तोंडं आ-खुनकाका रंगवायचे. काका स्वतः तरुणपणी तुरुंग बघून आलेले. शाळेनं हाकललेली पोरं त्यांनीच गोळा केली होती. सरकारी बाई कॅमेरा घेऊन येणार असं कळल्यावर त्यांनी त्या पोरांपैकी चिया-हावला सगळ्यांच्या आधी रंगवलं.

बाई आल्या आणि कॅमेरा चिया-हावकडे वळवला. "तू पूर्वी चोऱ्या करायचास ना? कलेनं कसा सुधारलास, ते सांग बरं."

चिया-हावनं काकांकडे बोट दाखवलं.

"रंग लागला की तो देवाचा माणूस," काका म्हणाले. "मिरवणूक संपेपर्यंत बोलायचं नसतं."

"मग दोन मिनिटं पुसा की."

काकांनी ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि खुर्ची पुढे सरकवली. "बसा. तुमचंही रंगवतो. तेवढंच तोंड बंद राहील."