'अगं बाई' एवढंच नव्हतं माझं

माझा आवाज एका जुन्या डच गाण्यात आहे म्हटलं, की इथे हॉलंडात, फेल्डहोवनमधल्या आपल्या मराठी मुली हसतात. "काकू, खरंच? कोणतं?" मी दोन ओळी म्हणून दाखवते. त्यांना ठाऊक नसतं, आणि नसणारच. सत्तरच्या दशकातलं गाणं. रेडिओच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत अगदी तळाला काही आठवडे लोंबकळलं आणि गळून पडलं. पण इथल्या माझ्या वयाच्या माणसांना विचारा, लगेच ओरडतात, "आखाबाई!" 'ग' त्यांच्या घशात गेला की 'ख' होऊन बाहेर येतो.

त्याचं असं झालं. लग्न होऊन मी इथे आले. नवरा कारखान्यात, मी घरात. शेजारीण गायला जायची, तिच्यामागून मीही जाऊ लागले. गाणं मला कोणी शिकवलेलं नाही, कानानेच उचललेलं. त्यातून आम्हा चौघींचा ग्रुप झाला, तिघी इथल्या आणि चौथी मी. आता आपल्याकडे चौघी गायल्या तर चौघी एकच चाल गातात ना? इथे तसं नाही. एकीने मूळ चाल धरायची आणि बाकीच्यांनी तिच्या वर-खाली वेगळ्याच चाली गायच्या. माझ्या वाट्याला सगळ्यात खालची आली. आधी वाटलं, ह्या बायका मला मुद्दाम बेसूर करतायत! मग मी कणीक मळताना रेडिओ मोठ्याने लावायची आणि त्याला न जुमानता आपलीच चाल ओढत राहायची. नवरा विचारायचा, "गातेस की भांडतेस?" पण जमलं. असं जमलं, की मी नसले तर गाणं पोकळ वाटायचं.

आणि रेकॉर्डिंगला, गाणं मध्येच क्षणभर थांबतं तिथे, ड्रमवाल्याची झांज धाडकन खाली पडली. माझ्या तोंडून निघालं, "अगं बाई!" पुन्हा गाऊ म्हटलं, तर आमच्या ग्रुपचा मॅनेजर नाचायलाच लागला, राहू दे, राहू दे! झालं. लोकांनी नेमकं तेवढंच उचललं.

पुढे मला दिवस गेले. मॅनेजर म्हणाला, बाळ होईपर्यंत आराम कर. बाळ झालं, आणि पोस्टरवर माझा निळा झगा घालून दुसरीच बाई उभी! मग बाकीच्या तिघीही गेल्या, कोणी लग्न करून, कोणी भांडून. नव्या आल्या, त्याही गेल्या. ग्रुपचं नाव तेवढं मॅनेजरच्या मालकीचं, ते राहिलं.

आता चाळीस वर्षांनी मुलीने माझ्या वाढदिवसाला तिकिटं काढली. रायस्वाइकला त्याच ग्रुपचा कार्यक्रम. स्टेजवर तिघी, आमच्यातली एकही नाही. पुढे उभी होती ती मॅनेजरची पुतणी. ती म्हणते कशी, "आखाबाईला काही अर्थ नाही हं! माझ्या काकांना आंघोळ करताना सुचलेला शब्द आहे." सगळा हॉल हसला. माझं डोकं तापलं. मग गाणं सुरू झालं, आणि खालची चाल कुठे आहे? नाहीच! छाटून टाकलेली.

मध्यंतरात मी थेट तिच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि मी कोण ते सांगितलं.

"तुम्ही ग्रुपमध्ये होतात, मेव्राऊ?" ती म्हणाली. मेव्राऊ म्हणजे बाईसाहेब. "पण फोटोत तर नाही दिसत."

"फोटोत माझा झगा आहे," मी म्हटलं. "आणि तो शब्द तुझ्या काकांचा नाही, माझा आहे."

तिला राग यायच्या ऐवजी आनंदच झाला. "मग शेवटी स्टेजवर या ना! आम्ही ते गाणं पुन्हा घेतो. तुम्ही ओरडा, लोक वेडे होतील!"

"ओरडणार नाही. मी माझी खालची चाल गाईन."

"ती आमच्याकडे नाहीये. आमचा गोंधळ होईल. नुसतं ओरडा ना, मजा येईल."

मुलगी मागून म्हणाली, "आई, ओरड ना एकदा. मी व्हिडिओ काढते."

"ठेच लागल्यावर माणूस ओरडतो," मी तिला म्हटलं, "त्याला गाणं म्हणतात का गं?" आणि जाऊन खुर्चीत बसले.

शेवटी गाणं पुन्हा लागलं. मी बसल्या जागेवरून माझी चाल धरली, पोटातून, पूर्ण आवाजात. पुढचा म्हातारा वळला. "मेव्राऊ, शांत बसा, आम्हाला गाणं ऐकायचंय."

"मग ऐका की! हेच ते गाणं."

मुलगी बाही ओढत होती. "आई, दू नॉरमाल!" म्हणजे जरा माणसासारखं वाग. नाही वागले. स्टेजवरची पुतणी अडखळली, आमच्या दिशेने बघायला लागली, पण मी थांबले नाही. सगळा हॉल "आखाबाई" ओरडला तेवढ्यापुरतं तोंड मिटलं. मग परत धरली ती शेवटच्या ओळीपर्यंत.

मुलीने गाडी काढली. मग म्हणाली, "ते खालचं मी कधी ऐकलंच नव्हतं गं. छान लागत होतं."

"कपाटात रेकॉर्ड पडलीय इतकी वर्षं. लावायची होतीस."

"आता माझ्यावर का राग?"

"आज जो समोर येईल त्याच्यावर आहे," मी म्हटलं. "तू रस्त्याकडे बघ."