जिजामावशींचं आमेन

आमच्या ख्रिस्ती मंडळीत कोणाला रागवायचं असलं तर तोंडावर रागवत नाहीत, प्रार्थनेत रागवतात. सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि प्रार्थना करणारा देवाला सांगतो, "प्रभू, तुला ठाऊकच आहे, आपल्यातल्या काही बहिणी उपासनेला उशिरा येतात." त्या बहिणीला सगळं कळतं, पण उत्तर देता येत नाही. बोलणं देवाशी चाललेलं असतं ना.

या कलेत प्रतापराव साळवे फार पुढे गेलेले. मंडळीचे पंच, रेल्वेतून निवृत्त. त्यांची प्रार्थना सुरू झाली की लहान मुलं झोपून उठतात, तरी ती चालूच असते. त्यांना थांबवणारं माणूस मी एकच पाहिलं, जिजामावशी.

जिजामावशी म्हणजे जिजाबाई पाटोळे, बडोद्याच्या कारेलीबागेतल्या माझ्या शेजारीण. लहरीपुऱ्यातल्या साडीच्या दुकानासाठी जन्मभर फॉल लावले आणि दर रविवारी शब्बाथशाळेत मुलांना गाणी शिकवली. आवाज असा की माईक लाजावा.

त्यांच्याच हाताखाली शिकलेला अनय देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पेटी वाजवायचा. समरजितवर आपलं प्रेम आहे, आम्ही एकत्र राहतो, हे त्याने लपवायचं सोडलं तेव्हा त्याला कोणी काही बोललं नाही. फक्त प्रार्थना लांबल्या. प्रतापराव देवाला एका भरकटलेल्या पेटीवाल्याची हकिकत सांगू लागले. पेटीवाला आमच्याकडे एकच. तो यायचा बंद झाला.

पुढे त्या दोघांनी मांजलपूरला फ्लॅट घेतला. अनय मावशींकडे आला, तेव्हा मी तिथेच वाटाणे सोलत होते.

"मावशी, घराची प्रार्थना करायची आहे. मंडळी आली तर मी पेटीवर परत बसेन. पण माझ्या घरात येऊनही तेच ऐकवलं, तर मग देव पुरे मला, देऊळ नको."

"आणते सगळ्यांना. खायला काय?"

"समरजित सेव-उसळ करतोय."

"मग येतीलच."

आले. बडोद्यात तत्त्व आणि सेव-उसळ समोरासमोर आली की काय होतं, ते मी वेगळं सांगायला नको. प्रतापरावही आले, पंच म्हणून लक्ष ठेवायला. नेमकी लिफ्ट बंद आणि त्यांचे गुडघे संपावर गेलेले. तेवढ्यात एक उंच मुलगा जिना उतरून आला. "काका, हात द्या," म्हणाला आणि त्यांना सावकाश वर नेऊ लागला.

"गुणी मुलगा आहे. कोणाचा?" मधल्या मजल्यावर प्रतापरावांनी विचारलं.

"याच घरचा. समरजित हाच," मावशी मागून म्हणाल्या.

प्रतापरावांचा हात सुटत आला होता. पण अजून एक मजला बाकी होता.

समरजितचं घराणं हिंदू, पणजोबा बडोदे सरकारांच्या फौजेत होते. त्याला आमच्या प्रार्थनेची रीत काय माहीत? त्याने मावशींना हळूच विचारलं, "वाढायचं कधी?"

"आमेन ऐकलं की ताट घेऊन बाहेर यायचं."

पाळकसाहेब नडियादला गेलेले, त्यामुळे प्रार्थना प्रतापरावांकडे आली. सुरुवात बरी झाली. भिंतींना आशीर्वाद मिळाला, पाण्याच्या टाकीलाही मिळाला. मग त्यांनी आवाज खाली घेतला. "आणि प्रभू, तुला ठाऊकच आहे, या छताखाली जे तुला न रुचणारं..."

मी एक डोळा उघडला. गाण्यासाठी उघडून ठेवलेली पेटी अनय आवाज न करता बंद करत होता.

"आमेन," जिजामावशी म्हणाल्या, माईक लाजावा त्या आवाजात.

सवयीने सगळी खोली "आमेन" म्हणाली. डोळे उघडले. स्वयंपाकघराचा पडदा हलला आणि समरजित सेव-उसळ घेऊन बाहेर आला.

"अहो जिजाबाई, माझं संपलं नव्हतं."

"देवाला कळलं तेवढ्यात. हुशार आहे तो."

"मी त्याचीच आज्ञा सांगत होतो."

"मला त्याने सांगितलंय ते एवढंच, की भुकेल्याला वाढलंस का आणि परक्याला घरात घेतलंस का, हे शेवटी विचारीन. अनय कोणाबरोबर राहतो हा प्रश्न माझ्या पेपरात नाही. तुमच्या आहे का? आणि आज परके आपण आहोत, प्रतापराव. घरात या पोरांनी घेतलंय."

प्रतापरावांनी आधाराला इकडेतिकडे पाहिलं. सगळ्यांचे हात ताटलीत होते.

"काका, तुम्हाला तिखट कमी देऊ?" समरजितने विचारलं.

"कमी का? जास्त दे," ते घुश्शात म्हणाले.

राहिलेली प्रार्थना मावशींनीच केली. "प्रभू, हे या दोघांचं घर आहे. तूही इथे राहा. लिफ्ट चालू कर. आमेन."

लगेच समरजित दुसरं ताट घेऊन आला.

उतरताना पुन्हा त्याचाच हात धरावा लागला. "मी काही मान्य केलेलं नाही," प्रतापराव त्याला बजावत होते.

"बरं काका. पायरी बघा."

रविवारी अनय पेटीवर होता. गाणं झालं आणि प्रतापराव प्रार्थनेला उभे राहिले. "प्रभू, तुला ठाऊकच आहे, आपल्यातले काही जण..."

पहिल्या बाकावर मावशींनी घसा साफ केला.

"...आजारी आहेत. त्यांना बरं कर. आमेन."

मागच्या बाकावर, अनयबरोबर आलेला समरजित ताट आणायला उठून उभा राहिला.