पट्ट्या संपल्यात, म्हणाले

हे आमच्या ह्यांनाही मी कधी सांगितलं नाही. ते जाईपर्यंत नाही. आज तुम्हाला सांगते — का, ते विचारू नका.

माझा माणसांवर चटकन विश्वास बसत नाही. दुधात पाणी असणार, कंडक्टरनं सुट्टे दाबले असणार — आधी हेच मनात येतं. ह्यांना मधुमेह झाला तेव्हा कल्याणला असलेल्या आमच्या मुलानं रक्तातली साखर बघायचं मशीन आणून दिलं. त्याच्या पट्ट्या आमच्या टोकावड्यात मिळत नसत. मुरबाडलाही आधी सांगून ठेवाव्या लागत. एका तपासणीला एक पट्टी, मग ती फेकायची. मी जपून वापरायचे. तरी त्या कमी व्हायला लागल्या.

कोण नेत असेल? शेजारची वनिता — दुसरं कोण? तिची सुरेखा लहानपणापासून इन्सुलिनवर. कधीमधी पोरीला घेऊन यायची, मी साखर बघून द्यायचे. तिच्याकडे मशीनच नव्हतं. मग नुसत्या पट्ट्यांचं ती करणार काय? — एवढंही मला सुचू नये? विकत असेल, म्हटलं. पट्ट्यांची डबी मी कनवटीला लावून फिरायला लागले.

आणि एका सकाळी वनिता धावत आली.

“काकी, पोरीला घाम फुटलाय, कायबाय बोलते. साखर चढली का उतरली, कळत नाय. एक पट्टी द्या ना!”

डबी पोटाला टोचत होती. मी म्हणाले, “संपल्यात गो.”

कसं म्हणाले? सहज. तिचा चेहरा बघत होते — चोर सापडतो का म्हणून.

ती तशीच परत गेली. साखर चढली असेल, असं समजून तिनं इंजेक्शन दिलं. साखर उतरलेली होती, ती इन्सुलिननं आणखी उतरली. पोरीला झटके आले. जीपमधून मुरबाडला नेलं, तिथून कल्याणला. जगली. पण दहावीला बसणार होती, ती बसलीच नाही. अजून बोलता बोलता तिला शब्द सापडत नाहीत — थांबते, हसते.

पुढं एकदा ह्यांच्याजवळ मी बोलून गेले, “वनितानं पट्ट्या चोरल्या नसत्या, तर त्या दिवशी असत्या घरात.”

ह्यांनी चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाले, “ती नाय गो. मी घ्यायचो. ढाब्यावर जिलबी खाल्ली की भीती वाटायची, गुपचूप बघायचो. तू ओरडशील म्हणून...”

मी ओरडले नाही. डबीचंही बोलले नाही. वनिताला तर नाहीच. ती गावभर सांगते — काकीकडं असती तर काकीनं दिली असती.

हे गेल्यावर ते मशीन आणि उरलेल्या पट्ट्या मी तिला नेऊन दिल्या. ती रडली. सुरेखाला हाक मारून म्हणाली, “काकीच्या पाया पड.”

पोरगी वाकली. मी पाय मागं घेतले नाहीत.