अंद्रेने शिजवलेले खरेदीखत

१९ मार्च १५७३ रोजी कॅथलिक राजाच्या फौजेने सांसेरवर मोठा हल्ला चढवला आणि तो फसला. एवढे निश्चित आहे. त्यानंतर फौजेने तटाशी झुंजण्याऐवजी गाव उपाशी मारायचे ठरवले. जुलैपर्यंत टेकडीवरच्या त्या प्रोटेस्टंट गावातली गाढवे, मांजरे, उंदीर खाऊन झाले होते. लोक कातड्याकडे वळले होते.

कातडे कसे खावे, हे अंद्रे वाशरों या विधवेला विचारत. तिचा नवरा लिहिण्यासाठी चर्मपत्रे तयार करी. ती घासून पातळ करण्याचे काम तिचे. चर्मपत्राचे कातडे चुन्यात मुरवलेले असते, म्हणून ती प्रत्येकाला बजावी : दोन दिवस भिजवा, चार वेळा पाणी बदला, मगच उकळा.

"वर मोहरी घालायची का गं, अंद्रे?" शेजारीण मर्गरीत विचारी.

"घरात असली तर मलाही दे. नाहीतर तुकड्याला जीभ लावून बघ. चरचरलं तर आणखी भिजव."

अंद्रेकडे एकच चर्मपत्र उरले होते : द्राक्षमळ्याचे खरेदीखत. नऊ वर्षांच्या मुलीसाठी, सुझानसाठी, मागे ठेवण्याजोगे दुसरे काही नव्हते. दीर सिल्व्हँ ते शिजवू देईना.

"वहिनी, वेढा उठेल एक दिवस. मग मळा आपला, हे कशावरून सांगणार?"

"भावोजी, राखायचा कुणासाठी, ते आधी सांगा. पोरगी कालपासून खायलाच मागत नाही."

पेटीतून खत सिल्व्हँनेच काढून दिले.

दोन दिवस थांबण्याचा धीर अंद्रेला झाला नाही. तिने खत एकच दिवस भिजवले, पाणी दोनदा बदलले. शाई खरवडली नाही. शाईसोबत कातडेही गेले असते. त्यामुळे शिजलेल्या चिकट तुकड्यांवरची अक्षरे वाचता येत होती.

"'पूर्वेस ओढा'," सिल्व्हँने आपला तुकडा उजेडात धरून वाचले. "घ्या! माझ्या वाट्याला नुसतं पाणीच."

सुझान हसली. तिने तीन तुकडे खाल्ले आणि चौथा मागितला.

दुसऱ्या दिवशी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. रविवारी सकाळी ती गेली.

"भुकेनं गेली, वहिनी. या गल्लीतली ही चौथी."

"त्या तिघांनी माझ्या हातचं खाल्लं नव्हतं."

पुढे कुणी कातडे घेऊन आले, की अंद्रे ते परत नेऊ देत नसे. स्वतःच्याच घरी भिजवी, स्वतः पाणी बदली आणि मुदत भरल्यावरच हाती देई. लोक दारात बसून शिव्या घालत. ती ऐकून घेई.

ऑगस्टमध्ये गाव शरण गेले. सुझान भुकेने गेली, चुन्याने गेली, की इतक्या उपासानंतर एकदम पोटात गेलेले अन्न सोसले नाही, हे माहीत नाही. तो मळा नंतर कोणी कसला, हेही माहीत नाही.