अकरा दिवसांचा रकाना

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी सोसायटीच्या पाण्याचं मीटर वाचत होतो. वहिनी एवढंच म्हणाल्या, "हे झोपेतून उठलेच नाहीत..." आकडा लिहायचा राहिला. संध्याकाळी शोकसूचना टाइप करून मी खालच्या फळ्यावर लावली. दोन वर्षांपूर्वी त्याच्या नावाची नोटीसही त्याच फळ्यावर मीच लावली होती. दोन्हींखाली सही माझीच, सेक्रेटरीची.

वसंता शेतकऱ्यांना, नर्सरीवाल्यांना पॉलीहाऊस, म्हणजे रोपांसाठी प्लास्टिकची घरं, उभारून द्यायचा. राहायला भांडुपला, आमच्याच इमारतीत. कामं पार नाशिकपर्यंत. आतली गरमी काढायला मालकांना मोठे पंखे हवे असायचे. हा म्हणायचा, गरम हवा आपणहून वर जाते, तिला फक्त वाट द्या. छताला लांब फट ठेवायची, तिचं तोंड वाऱ्याच्या उलट बाजूला. विजेचा खर्च शून्य. एका नर्सरीवाल्याने अट घातली, एप्रिल-मेच्या रोजच्या नोंदी दाखव, मग तसं बांधू. म्हणून वसंताने आमच्या गच्चीवर दहा बाय बाराचं छोटं पॉलीहाऊस उभं केलं. दुपारी दोनला तो आत शिरून थर्मामीटरचा आकडा ओरडायचा, मी बाहेरचा वाचून दोन्ही आकडे त्याच्या वहीत लिहायचो. बाहेर छत्तीस, आत अडतीस. फट बंद केली की आत सत्तेचाळीस. "बघ, कुठे लागला पंखा?" घाम पुसत म्हणायचा.

मग तक्रार आली. गच्ची सामाईक, परवानगी घेतलेली नाही. कमिटीत नियम मीच वाचून दाखवला.

"अकरा दिवस दे रे. एकतीस मेला मीच उतरवतो."

"आज तुला दिलं तर उद्या सगळे पत्रे ठोकतील, वसंता."

"तू आकड्यांचा माणूस ना? अपुरा तक्ता चालतो तुला?"

मी नोटिशीवर सही करून ती फळ्यावर लावली. वीस तारखेला त्याने स्वतःच्या हाताने प्लास्टिक उतरवलं. ऐन उन्हाच्याच नोंदी नाहीत म्हणून नर्सरीवाल्याने पंखे बसवले. पुढे वसंताही लोकांना पंखेच बसवून देत राहिला. जिन्यात भेटला की "काय सेक्रेटरी" म्हणायचा... आधी नावाने हाक मारायचा. शोकसभेत तक्रार करणाऱ्यांनीच त्याला 'संशोधक' म्हटलं. मी इतिवृत्तात तसं लिहून घेतलं.

वहिनींनी ती वही मला दिली. एकतीस तारखेपर्यंतच्या ओळी त्याने आधीच आखून ठेवल्या होत्या. यंदा एकवीस मेपासून मी त्याचा थर्मामीटर घेऊन दोन वाजता गच्चीवर जात होतो. अकराही दिवस 'बाहेर'चा रकाना भरला. शेजारचा 'आत'चा रकाना कोराच आहे. आत शिरायला जागाच नाही, ती मी सही करून काढून टाकली.